एका लाइनवर दोघं

यंत्र पुन्हा गप्प झालं होतं. बिघडलं असतं, धूर सोडला असता, तर ती एवढी दमली नसती. पण हे आपलं छान चालू. पंप फिरतोय, कोपऱ्यात हिरवा दिवा, आणि मामाने नळीत सुईने सोडलेला हवेचा बुडबुडा सगळ्यांच्या देखत आरामात पुढे चाललाय. माणसाचं रक्त बाहेर काढून, शुद्ध करून परत आत सोडणारं यंत्र हे. बुडबुडा दिसला की पंप जागच्या जागी थांबायला हवा. चाचणीला रक्ताऐवजी पाणी होतं, एवढंच नशीब.

"गेला," मामा म्हणाला. मामा कोणाचाच मामा नव्हता. टक्कल पडल्यापासून ऑफिसने त्याला हे नातं बहाल केलं होतं. "मॅडम, पेशंट गेला. फुलं मागवू?"

"गप रे."

तिने खुर्ची पुढे ओढली. यंत्राच्या पोटात कर्नल असतो, म्हणजे सॉफ्टवेअरचा गाभा, सगळ्यांना कामं वाटून देणारा कारभारी. तो तिच्या अखत्यारीतला. सेन्सरला बुडबुडा दिसला की तो एका लाइनवरून कर्नलला हाक मारतो: हातातलं टाक आणि ये. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. आता सेन्सरने हाक मारलीच नव्हती, की मारली होती आणि ती मधेच कोणी

फोन. बाबा.

"चिमणे, टीव्हीच्या रिमोटचे सेल कुठे असतात गं?"

"फ्रीजवरच्या डब्यात."

"बरं. कामात आहेस का?"

"हो बाबा."

"बरं, बरं. ठेव."

अडवली होती? तिने नोंदी उघडल्या. कर्नल बोलत नाही, पण जे करतो ते लिहून ठेवतो, आणि इथे त्याने स्वच्छ लिहिलं होतं: *या लाइनवरच्या हाकेची कोणीच दखल घेत नाही. लाइन बंद करत आहे.*

म्हणजे असं. बोर्ड स्वस्तातला, त्यामुळे त्या लाइनवर दोन बिऱ्हाडं होती: बुडबुड्याचा सेन्सर आणि बोटाने दाबायचा पडदा. हाक आली की ती कोणाची हे कर्नलला कळत नाही. तो दोघांच्या ड्रायव्हरना, म्हणजे त्यांचं काम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमना, आळीपाळीने विचारतो, तुझं आहे का रे? ज्याचं असेल त्याने उठायचं, बघायचं, हाक शांत करायची. दोघंही 'माझं नाही' म्हणाले आणि हाक थांबेचना, तर कर्नल थोडा वेळ सहन करतो, मग कंटाळून लाइनच तोडतो. त्यात ओरडणारा गप्प होतो, आणि त्याच्या शेजारचा

फोन.

"बाथरूमचं दार फार कुरकुरतं गं उघडं ठेवलं की."

"मग लावून घ्या. दादाला सांगा ना, बाबा. तो जवळ राहतो."

"त्याला केला होता. तो म्हणाला, तिला सांगा."

"बघते मी. हो. हो बाबा."

काय बघते, ते तिलाही माहीत नव्हतं. 'हो बाबा' हल्ली तोंडातून आपोआप निघायचं, कानाने ऐकायच्या आधीच.

बिचारा सेन्सरही.

"एक सुचवू?" मामा टेबलावर टेकला. "पडद्याच्या ड्रायव्हरला सांग, काही बघू नकोस, दरवेळी 'माझंच' म्हणत जा. कर्नल खूश, साहेब खूश, आपण वेळेवर घरी."

"आणि हाक?"

"मारत राहील की पडदा बसल्या बसल्या."

"मग कर्नल दिवसभर दारातच उभा राहील. पंप कोण फिरवणार, तू?"

"ते मात्र माझं नाही," मामा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत चहा आणायला गेला.

खरं तर तिला मोह झाला. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती. एका ओळीचं काम होतं, आणि ती ओळ लिहून

फोन.

"चिमणे, शनिवारी येतेस ना?"

"बाबा, किती वेळा फोन! नेमकं हवंय काय तुम्हाला?"



"काही नाही. ठेव."

टाकावी, असं म्हणत तिने ती लिहिलीही. मग खोडली. पडद्याची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली, आणि वाचता वाचता कधी नव्हे ती तिची तंद्री लागली. मामाने ठेवलेल्या चहावर साय धरली. पडदा बनवणाऱ्यांनी यंदा आतली चिप बदलली होती. जुनी चिप फक्त बोट लागलं की हाक मारायची. नवी पडदा ओला झाला तरी मारायची, आणि चाचणीचं पाणी तर पडद्यावर उडतच होतं. ड्रायव्हर मात्र जुनाच. तो एकच प्रश्न विचारत होता, बोट लागलं का? नाही? मग माझं नाही. ओल आहे का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. तिने तो प्रश्न घातला, ओल वाचून हाक शांत करायला शिकवलं, पडद्यावर ओला बोळा फिरवला आणि मामाला खूण केली. बुडबुडा निघाला, सेन्सरपाशी आला, आणि पंप खाडकन थांबला.

"जिवंत!" मामा ओरडला. "मॅडम, आज एकदम गाडी सुसाट. कोणाचा त्रास नाही, काही नाही."

तिने फोनकडे पाहिलं. कोरा. बाहेर दिवस कलला होता.

बाबांना लावला. बंद. पुन्हा लावला. मग दादाला.

"तुला परत आला होता का बाबांचा फोन?"

"नाही बुवा. म्हटलं, तुला करत असतील."

"मला वाटलं, तुला."



"मी निघते," ती म्हणाली. "तू जवळ आहेस, तू आधी पोच."

"अगं, मी गावाबाहेर आलोय कामाला."

बाबांच्या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये तळाशी होती. दार उघडलं. बाबा अंधारात, टीव्हीसमोरच्या खुर्चीत. टीव्ही बंद. गुडघ्याला रुमाल बांधलेला.

"बाबा! फोन का बंद केलात?"

"तुम्ही दोघं कामात. उगाच फोन लावत बसतो माझा हात."

"आणि हे काय झालं?"

"काही नाही. खरचटलंय."

ती 'बरं' म्हणणार होती. पर्स खाली ठेवली आणि पुढ्यात जमिनीवर बसली.

"रिमोट कशाला हवा होता? तुम्ही तर दुपारी टीव्ही बघत नाही."

"त्याचा उजेड पडतो पॅसेजमध्ये."

"आणि बाथरूमचं दार उघडं का ठेवता?"

"लावलं तर आत काही दिसत नाही."

तिने जाऊन बटण दाबलं. दिवा लागला नाही. फोनच्या उजेडात फरशीवर स्टूल आडवं पडलेलं दिसलं.

"बल्ब गेलाय, एवढंच सांगायचं ना, बाबा!"

"बल्बसाठी काय कोणाला बोलवायचं? तेवढा मीच बदलतो की दरवेळी." मग हळूच, "या वेळी स्टूल हललं."

तिने जखम धुतली, मलम लावलं.  मग कपाटातून बल्ब काढला, स्टूल भिंतीला टेकवलं आणि चढली. हात वर, तोंडात धरलेल्या फोनचा उजेड, खांदा ठणकतोय. तेवढ्यात तो उजेडच थरथरायला लागला.

तिने वळून पाहिलं. बाबा दारात उभे, फोन कानाला.

बल्ब अर्धा फिरवला होता. तो तसाच सोडून तिने फोन तोंडातून काढला आणि उचलला.

"बोला, बाबा."

"चालू आहे का बघत होतो."

"चालू आहे. बोला."

"काही नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे, आहे. गुडघा फार दुखतोय गं."