कूस बदलण्याचा तक्ता

"हलला! पाय हलला!"

रविवारी भेटीच्या वेळात व्यायामाच्या हॉलमधून आरोळी उठली आणि सगळा वॉर्ड धावला. म्हणजे नातेवाईक धावले, बाकीचे चाकं फिरवत आले. दारात चाकखुर्च्यांची अशी कोंडी झाली की मावशींना जेवणाची गाडी मागे घ्यावी लागली. मधल्या गादीवर माझी बायको उताणी होती. तिच्या पायाशी एक बाबा बसला होता, आणि त्याच्या हातात तिचा उजवा पाय थडथड उडत होता. चार महिने लाकडासारखा पडलेला पाय.

मी ढसाढसा रडलो. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी त्याच्या पाया पडलं.

त्याला सगळे स्पर्शगुरू म्हणत. पांढरा सदरा, हातात थर्मास. त्यातल्या 'सिद्ध पाण्यात' हात बुडवायचा आणि मग पेशंटच्या पायाला लावायचा. आत बर्फ खुळखुळत होता. तो मी ऐकला होता, पण त्याचा विचार केला नाही.

"मेन स्विच चालू आहे, ताई! फक्त फ्यूज उडालाय. मी साधा वायरमन. करंट वरून येतो!" त्याने बोट वर केलं. वर पंखा होता. तरी आम्ही सगळे वर बघत राहिलो.

माझी बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. वीस वर्षं काचनळ्या धुतल्या, मुलांचे फसलेले प्रयोग पुसले. घरी पडदे काढताना शिडीवरून पडली. पाठीचा मणका मोडला, आतली नस चिरडली आणि छातीखालची सगळी जाणीव गेली. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, चालणं होणार नाही, पण खुर्चीवरून सगळं आयुष्य जगता येईल. शाळेने तिच्यासाठी धुण्याच्या टेबलाचे पाय कापून ते बुटकं करून ठेवलं होतं. मला मात्र ती चालायला हवी होती.

जाताना गुरू माझ्या कानाशी लागला. "ताठरपणाची गोळी बंद करा, तिने वीज झोपते. आणि तीन दिवस कूस बदलायची नाही. कुशीवर वळवलं की करंट गळतो. बुधवारी बघा चमत्कार."

सोमवारी आम्ही सरावखोलीत गेलो. वॉर्डच्या टोकाला घरासारखी एक खोली आहे. खाट, शेगडी, दांड्या लावलेलं न्हाणीघर. पेशंटला घरी सोडण्याआधी आठवडाभर घरच्यांनी तिथे सगळं स्वतः करायचं. सिस्टर सकाळी येऊन भिंतीवरचा तक्ता बघतात, तेवढंच. तक्त्यात दर दोन तासांनी डावी, उताणी, उजवी, आणि पुढे माझी सही. मोठ्या सिस्टरने मला बजावलं होतं, "कातडी दबली तरी त्यांना दुखणार नाही. म्हणून घड्याळ तुम्ही बघायचं."

मी घड्याळ बघत होतो. वेळ झाली की सही करत होतो. तिला वळवत नव्हतो. गोळ्या खिशात टाकत होतो.

"अहो, वेळ झाली. वळवा मला."

"तीनच दिवस गं. पाय हलला ना?"

"तुम्हाला दिसला. मला काहीच कळलं नाही."

"कळेल हळूहळू."

"तक्त्यावर काय लिहिलंत आत्ता?"

"डावी."

"डावीकडे वळले की मला खिडकी दिसते. सकाळपासून मी छत बघतेय."

मी तिच्यापुढे हात जोडले. मंगळवारी सिस्टर आल्या तेव्हा ती एका वाक्यात सगळं सांगू शकली असती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि गप्प बसली.

बुधवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तिला गादीवर ठेवेपर्यंत दोन्ही पाय आपोआप उडायला लागले. गुरूने हातही लावला नव्हता.

"बघा! करंट मावत नाहीये!"

"भाऊ, जरा सरका," मागून आवाज आला. "मलाही आज गुरू व्हायचंय."

तो रंगारी होता. सहा वर्षांपूर्वी परांचीवरून पडलेला, आता तपासणीसाठी आलेला. त्याने चाकखुर्ची पुढे घातली, थर्मास उचलला आणि गार पाणी स्वतःच्या पावलावर ओतलं. गुडघा असा उसळला की त्याची चप्पल उडून गुरूच्या मांडीवर पडली. लोक हसले. मग त्याने पाय मांडीवर घेऊन पंजा झटकन वर दाबला. पाय थडथड उडायला लागला, अगदी माझ्या बायकोसारखा.

"सहा वर्षं उडतोय. रिक्षा खड्ड्यात गेली तरी उडतो. पाऊल मात्र एकही टाकलेलं नाही."

"अश्रद्धांच्या अंगात वेगळी वीज असते," गुरू म्हणाला.

"मग आपण करून बघू," माझी बायको म्हणाली. शाळेतल्या मुलांशी बोलायची तशा आवाजात. "मी डोळे झाकते. तुम्ही पाय हलवा. कधी हलला ते मी सांगते."

व्यायाम घेणाऱ्या ताईंनी तिच्या चेहऱ्यासमोर टॉवेल धरला. गुरूने पंजा दाबला. पाय उडायला लागला. सगळ्या हॉलला दिसत होता.

ती वाट बघत होती. मग म्हणाली, "सुरू केलंत का?"

पाय अजून उडतच होता.

ताईंनी टॉवेल खाली घेतला. "मेंदूपासून येणारी तार मध्ये तुटली आहे. तुटलेल्या जागेखालचा भाग जिवंत आहे. गार लागलं, ताण बसला की तो खालच्या खालीच पाय उडवतो. मेंदूला पत्ताही नसतो. हे आवरायला तर ती गोळी असते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आज एवढं का उडतंय? गोळी कधी दिलीत?"

मी खिशातून गोळ्या काढल्या.

"आणि कूस?"

"बदलली नाही," मी म्हणालो. त्यांनी तिला वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढा काळा डाग होता, आणि कडेची कातडी चादरीला चिकटून निघाली.

"काय दिसतंय हो?" तिने विचारलं.

"काही नाही. जरा लाल झालंय," मी म्हणालो.

मान वर केली तेव्हा गुरू निघून गेला होता. थर्मास तेवढा राहिला होता.

जखम हाडापर्यंत गेली होती. दोन ऑपरेशनं झाली, मग विष रक्तात पसरलं. सात आठवड्यांनी ती गेली. मणका मोडून ती मेली नाही. बुटकं टेबल शाळेत अजून तसंच आहे.

दर रविवारी भेटीच्या वेळी मी तो थर्मास आणि तो तक्ता घेऊन वॉर्डात जातो. रंगारी आला असेल तर चप्पल उडवून दाखवतो. नवे लोक आधी हसतात. मग मी त्यांना माझ्या सह्या दाखवतो. एका आईने मला हाकलून दिलं, "आमची आशा का मारता?" म्हणून. तिचा राग मला कळतो. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाय हलला तर पेशंटचे डोळे झाकून त्याला विचारा. बघणाऱ्यांना विचारू नका. त्याला स्वतःच्या मनाने हलवायला सांगा. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका. आणि वेळ झाली की कूस बदला. तीन दिवस ती मला तेवढंच सांगत होती.