ड्युटीवर परतलेला हद्दीचा दगड

मित्रांनो, मी गावठाणाच्या हद्दीचा एक जुना दगड आहे. वडूजच्या पूर्वेला, माळाच्या कडेला एक लहान गाव आहे, तिथे माझा मुक्काम असतो. उंची गुडघ्याएवढी, डोक्यावर छिन्नीने कोरलेली फुली आणि पोटावर एक बाण. दिसायला मी काही देखणा नाही, पण माझ्या अलीकडे गाव आणि पलीकडे शेती, असा माझा मान. सरकारी नोकर म्हणा ना! पगार नाही, रजा नाही, पण रुबाब होता.

गावठाण म्हणजे गावाने घरं बांधून राहायची जागा. तिथे घर बांधायला फारसे कागद लागत नाहीत. पलीकडच्या शेतजमिनीवर मात्र घर बांधायचं, तर आधी ती बिनशेती करून घ्यावी लागते आणि त्यासाठी हेलपाटे घालून माणसांचे जोडे झिजतात. गावठाणाला लागून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला मात्र बरीच सवलत असते. हे दोनशे मीटर कुठून मोजायचे? माझ्यापासून! मग मी छाती काढून उभा राहणार नाही तर काय?

एका पाथरवटाने मला डोंगरातून फोडून काढलं आणि चार दिवस घासून-ठोकून सरळ केलं. मोजणीवाल्यांनी मला माळाच्या तोंडाशी रोवलं. पुढे कित्येक वर्षं मी ऊन खाल्लं, वारा खाल्ला, शेळ्यांची अंगं खाजवून दिली. कुणी मला नमस्कार केला नाही आणि कुणी हलवलंही नाही.

मग बेचाळीस वर्षांपूर्वी घोटाळा झाला. दादासो धनगर कोकणातून मेंढरं घेऊन परतत होता. सोबत त्याची नवी नवरी, सुलाबाई. माळावर त्यांनी मेंढरांचा वाडा लावला, म्हणजे जाळी उभारून मेंढरं आत कोंडली, आणि त्या वाड्याच्या कोपऱ्यात नेमका मी आलो. सुलाबाईनं माझ्यावरची धूळ पदराने पुसली, फुली पाहिली, बाण पाहिला आणि ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, हिकडं या. द्येव उन्हात उभा हाय बगा!"

दादासोनं मला निरखलं. धनगराचे देव असेच माळावर, उघड्यावर, दगडाच्या रूपात असतात. त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं. "द्येवच हाय गं," तो म्हणाला. "हितं मेंढरं तुडवत्याल. सावलीला निऊया."

मी मनातल्या मनात ओरडलो, की बाबांनो, मी देव नाही, मी मोजणी खात्याचा आहे! पण दगडाचं कोण ऐकतं? त्यांनी मला उकरून काढलं. दादासोनं मला घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि तीनदा टेकत टेकत गावाकडच्या लिंबाखाली नेऊन उभं केलं. सुलाबाईनं माझ्या डोक्यावर भंडारा उधळला.

आता खरं सांगू? मला ते आवडलं. इतकी वर्षं डोकं भाजून घेतल्यावर लिंबाची सावली कुणाला नको असते? दरवर्षी कातरणी झाली की पहिल्या लोकरीची बट माझ्या पायाशी यायची. शेजारच्या मळ्यातला जोतीराम फौजेत जाताना माझ्यापुढे नारळ फोडून गेला. सीमेवरून सुखरूप परतला, सुभेदार होऊन निवृत्त झाला, आणि हे सगळं माझ्याच कृपेने झालं असं समजून त्याने लिंबाला पितळी घंटा बांधली. रोज सकाळी अंघोळ करून तो यायचा, मला पाणी घालायचा. मी गप्प राहून पाणी घालून घ्यायचो. त्याची लाज मला आजही वाटते.

वर्षं गेली. दादासो वारला. सुलाबाईचे गुडघे बोलू लागले. आठ महिने मेंढरांमागे हिंडायचं, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, ते आता जमेना. तिला एकच गोष्ट हवी होती, भिंतींचं घर आणि शेजारी मेंढरांचा वाडा. गावात गल्लीत जागा मिळत होती, पण साठ मेंढरं गल्लीत कशी बांधणार? तिचा मुलगा बिरदेव शिरवळला कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी आईला मोटारसायकलवर मागे बसवून तो जागा शोधायचा, आणि परतल्यावर दोघं लिंबाखाली बसून मलाच सगळं सांगायची.

पाचगणीच्या उतारावर एक तुकडा सुलाबाईला फार आवडला होता. तिथे वीट ठेवायची तरी वरपर्यंत विचारावं लागतं असं कळलं. शिरवळजवळची जमीन कारखान्यांसाठी राखलेली निघाली. सांगलीकडे नाथाजी नावाचा एजंट भेटला. "परवानगीचं नावच काडू नका. खुशाल बांदा!" असं तो छातीठोक सांगत होता. बिरदेव भुलला होता. पण सुलाबाईनं शेजारचं अर्धवट घर पाहिलं. त्याच्या दारावर बेकायदा बांधकामाची नोटीस चिकटवलेली होती.

"आये, दोन वर्सं झाली फिरतोय," एका संध्याकाळी बिरदेव म्हणाला. "आता न्हाई जमलं तर मेंढरं इकू आन शिरवळला खोली घिऊ."

सुलाबाईनं शेजारच्या कोकराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मला फार वाईट वाटलं.

शेवटी जोतीराम सुभेदारच पुढे आला. माझ्या पलीकडचा माळाचा तुकडा त्याचाच होता. "वैनी, जागा तुमाला दितो. पण आदी मोजणी करून घ्या. गावठाणापासनं दोनशे मीटरात बसली तरच घ्या, उगं अडकू नका."

मोजणीला भूकरमापक आली ती एक तरुण मुलगी, साक्षी. तिच्याकडे उपग्रहाला विचारून जागा सांगणारं यंत्र होतं. जुना नकाशाही होता, पण नेमकी माझ्या कोपऱ्याची घडी झिजून फाटलेली. तिने माझ्यावरची फुली पाहिली, ओळखली आणि माझ्यावर यंत्राची काठी टेकवून मोजायला सुरुवात केली.

"दोनशे एकतीस," ती म्हणाली. "एकतीस मीटर जास्त आहे, आजी. सवलत नाही बसत."

बिरदेवनं मान खाली घातली. यंत्र खोटं बोललं नव्हतं, मित्रांनो. खोटा होतो मी. पन्नास पावलं सरकून सावलीत बसलेला मी!

सुलाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिने एकदा माळाकडे पाहिलं, एकदा घंटेकडे, एकदा जोतीरामकडे. देव म्हणून उचलला तो हद्दीचा दगड होता, हे तिला उमगलं होतं. पण सांगायचं कसं? जो माणूस जमीन देतोय, त्याचाच देव मोडायचा! शिवाय सरकारी खूण हलवल्याचा दोष डोक्यावर.

"बाई," ती साक्षीला म्हणाली. "ह्यो दगड हितला न्हाई. आमीच उचलून आणलाय. म्या आन माज्या मालकानं. आमाला वाटलं, द्येव हाय."

"हद्दीची खूण हलवणं गुन्हा आहे, आजी," साक्षी हळूच म्हणाली.

"व्हय. लिवा माजं नाव."

जोतीरामचा चेहरा पाहवत नव्हता. तो घंटेची दोरी धरून उभा होता. मला वाटलं, आता हा जमीनही देणार नाही आणि मला दरीत फेकून देईल. फेकलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"जुनी जागा दाखवता येईल?" साक्षीनं विचारलं. "असे दगड रोवताना खाली कोळसा पुरायचे. तो कुजत नाही. कोळसा सापडला तर पुरावा होईल."

सुलाबाई काठी टेकत निघाली. वाडा कुठे लागायचा हे धनगराच्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. एका जागी ती थांबली. बिरदेवनं हातभर खणलं. निघाली नुसती पिवळी माती. तो दमून उठला. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या हातातली कुदळ घेतली. जोतीराम!

"वैनी, वाड्याचं तोंड कुनीकडं असायचं?"

"उगवतीला."

"मग कोपरा ह्यो न्हवं," असं म्हणून त्याने चार पावलं सरकून घाव घातला. पाचव्या घावाला माती काळी झाली. साक्षीनं गुडघ्यावर बसून मूठभर कोळसा वर काढला. मला तर त्याचा विसरच पडला होता! तिने तिथूनच मोजलं. एकशे त्र्याण्णव! बिरदेवनं आईला उचलूनच घेतलं. ती "आरं सोड, पडंन!" म्हणत ओरडत होती आणि रडत होती.

जोतीराम माझ्यापाशी आला. मी धसकलो होतो. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि एकदम हसला. "बेचाळीस वर्सं पोस्ट सोडून बसलाय ह्यो गडी! फौजेत असता तर कोर्टमार्शल झालं असतं. पर माजी राखण त्यानं केलीच की. आता ह्याला डूटीवर न्यायचा, पर वाजतगाजत."

पंचनामा झाला, जबाब झाले. स्वतःहून कबूल केलं म्हणून वरिष्ठांनी सुलाबाईला नुसती समज दिली आणि दोन महिन्यांनी मला मूळ जागी रोवण्याचा हुकूम आला. मित्रांनो, तो दिवस काय सांगू! धनगरी ढोल कडाडले, गडी रिंगण धरून गजी नाचले, भंडाऱ्याने आभाळ पिवळं झालं. मला त्याच घोंगड्यात घेतलं होतं आणि एका बाजूने जोतीरामचा खांदा लागला होता. उन्हात पाय रोवून उभा राहिलो, तेव्हा जन्मात पहिल्यांदा मला मी खरा वाटलो.

घर उभं राहिलं. पांढऱ्या भिंती, बाजूला वाडा, साठ मेंढरांची आता सत्तर झाली आहेत. म्हणून सांगतो मित्रांनो, माळावर फुली कोरलेला दगड दिसला, तर आधी विचारा, मग हात लावा. देव म्हणा किंवा दगड म्हणा, पण जागचा हलवू नका. आणि चुकून हलवलाच असेल, तर सुलाबाईसारखं छातीवर हात ठेवून सांगून टाका.

परवाच पोस्टमन पहिलं पत्र घेऊन आला होता. त्याने ओट्यावर बसलेल्या सुलाबाईला विचारलं, "आजी, पत्ता बरोबर हाय का? वाचून दावू?"

आयुष्यभर कुणी कुठलं गाव विचारलं की ती "कवा हितं, कवा तितं" म्हणायची. आज ती ताठ बसली आणि माझ्याकडे बोट करून मोठ्याने म्हणाली, "वाचायचं काय त्यात? हद्दीच्या दगडाम्होरलं पयलं घर. सुलाबाई दादासो धनगर. कायम मुक्काम."