न दाबलेला ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे, मित्रांनो. पण तुम्हाला वाटतो तो नव्हे. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो, तो माझा थोरला भाऊ. मी शेजारच्या सीटपुढे असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असे दोन ब्रेक लागतात, कारण शिकाऊ पायाचा काही भरवसा नसतो.

माझा जन्म एका गॅरेजात झाला. मिस्त्रीने लोखंडी पट्टी तापवून वाकवली, पाय ठेवायला चौकोनी पाटी जोडली, वर काळं रबर चढवलं आणि एका दांडीने मला थोरल्या भावाशी बांधून टाकलं. मी दबलो की तोही दबतो. "आता बिनघोर शिकवा," मिस्त्री आमच्या मास्तरांना म्हणाला. हे मास्तर स्कूलचे मालक. इतके उंच, की गाडीत बसले की गुडघे पुढे टेकत.

त्यानंतर मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! वळण आलं की स्टिअरिंग सोडून डोळे मिटणारे पाहिले. ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबणारे निवृत्त साहेब पाहिले. किती खांब, किती भिंती आणि एक उभ्या उभ्या झोपलेलं गाढव मी वाचवलं. लोक म्हणत, "मास्तर, तुम्ही होतात म्हणून निभावलं." माझ्याकडे कुणी वाकूनही बघत नसे. राबायचं मी आणि नाव मास्तरांचं. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. दाबलं जाणं हेच आपलं जगणं, अशी मी समजूत घालून घेतली होती.

मग एके दिवशी केकवाल्या ताई आल्या. सोबत त्यांच्या सासूबाई आणि विमा एजंट असलेले चुलत दीर. सगळे गाडीत बसले. ताईंकडे लायसन्स होतं, तेही बरंच जुनं. मास्तर बुचकळ्यात पडले. "मग शिकायचं काय?"

दिरांनी खुलासा केला. ताई लग्नाचे, वाढदिवसाचे केक करतात आणि स्वतःच पोचवतात. घर त्यावरच चालतं. पण दोन वर्षांत तीन अपघात झाले आणि तिन्ही वेळा विम्याकडून भरपाई घेतली. आता कंपन्यांच्या लेखी त्या जोखमीच्या चालक ठरल्या. "जिथे विचारावं तिथे हप्ता असा सांगतात, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," दीर म्हणाले. चालू विमा महिनाअखेरीस संपणार होता. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. भाड्याचा टेम्पो लावून पाहिला, तर तीन मजली केकावरचे साखरेचे नवरा-नवरी तळमजल्यावर सापडले.

"मग विमा माझ्या नावावर काढ की," सासूबाई मागून म्हणाल्या. "मी आजवर कुणाला धडकले नाही."

"काकू, तुम्ही गाडी चालवतच नाही!"

"म्हणून तर!"

सगळे हसले. दीर मात्र लगेच गंभीर झाले. "चालवणार वहिनी आणि नाव तुमचं, हे उघडकीला आलं की कंपनी ऐन वेळी हात वर करेल. मी सगळं खरं सांगून दारोदार फिरलो. एक कंपनी तयार आहे. वहिनींनी मास्तरांकडे नव्याने शिकायचं आणि कंपनीच्या परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची. पास झाल्या तर हप्ता आवाक्यात येईल. बारीकसारीक नुकसान मात्र पदरचं भरायचं."

"आणि नापास झाले तर?" ताईंनी विचारलं.

"मग महिनाअखेरीनंतर गाडी दारातच उभी," दीर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई स्टिअरिंगवर, सासूबाई मागच्या सीटवर आणि मी सज्ज होऊन बसलो. तीन अपघातांची बाई, म्हणजे आज माझी हाडं खिळखिळी होणार! पण झालं भलतंच. मास्तरांना मला दाबावंच लागलं नाही. ताईच प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कचकन ब्रेक मारत होत्या. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मास्तरांचे गुडघे दर वेळी पुढे आपटत होते.

"ताई, का थांबलात?"

"गल्ली आहे ना."

"गल्लीत कोण आहे?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण येईल."

मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली. तेव्हा सगळं बाहेर आलं. पहिला अपघात ताईंच्या चुकीने झालाच नव्हता. एक टेम्पो गल्लीतून सुसाट येऊन त्यांच्या दारावर आदळला होता. तेव्हापासून प्रत्येक गल्लीत त्यांना तो टेम्पो दिसायचा. दुसऱ्यांदा त्या अशाच एकाएकी थांबल्या आणि मागची गाडी येऊन धडकली. तिसऱ्यांदा ओल्या रस्त्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी घसरत एका दुकानाच्या पायरीवर चढली.

"अगं, मला बोलली का नाहीस कधी?" सासूबाईंनी पुढे वाकून सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्तरांनी एकच केलं. पाय माझ्यावरून उचलून सीटखाली घेतला. म्हणाले, "उद्यापासून जे दिसेल ते मोठ्याने बोलत चालवायचं. दूरवर बघायचं आणि आधीच वेग कमी करायचा. मग कचकन थांबावं लागत नाही."

आणि आमच्या गाडीत बोलणं सुरू झालं. "उजवीकडे सायकल. पुढे रिकामी गल्ली. उभ्या गाडीचं दार उघडतंय." सासूबाई कशाच्या गप्प बसतात! "डावीकडे कुत्रं! त्याच्या मागे दुसरं कुत्रं! बघ गं, साड्यांचा सेल!" ताई हसू लागल्या. ज्याचं नाव घेता येतं, त्याची भीती कमी वाटते, हे मला तेव्हा कळलं. हळूहळू गल्ल्या नुसत्या गल्ल्या होऊ लागल्या.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांच्या जागी परीक्षक बसले. चकचकीत बूट, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. सासूबाईंना मागे बसायला मनाई होती. त्या स्कूलच्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

बाजाराच्या रस्त्यावर एक व्हॅन उभी होती. ताई म्हणाल्या, "व्हॅनखालून पाय दिसताहेत. कुणीतरी बाहेर येणार." त्यांनी वेग कमी केला. इतक्यात व्हॅनच्या आडून भाजीची हातगाडी सरळ पुढ्यात आली. आमच्या मागे बस होती. परीक्षकांचा बूट माझ्यावर येऊन टेकला. मित्रांनो, त्यांनी मला दाबलं तर ताई नापास! जन्मभर दाबलं जाण्यासाठी जगलो, पण त्या क्षणी मी मनात म्हटलं, साहेब, नका दाबू.

ताईंचा पाय थोरल्या भावावर अलगद उतरला. गाडी गोगलगायीसारखी हळू झाली. हातगाडी निघून गेली. मागच्या बसने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. परीक्षकांनी बूट मागे घेतला आणि म्हणाले, "चला पुढे."

ताई पास झाल्या. संध्याकाळी दिरांचा फोन आला. कंपनीने हप्ता परवडेल एवढाच सांगितला होता. ताई गाडीतच बसून राहिल्या, हात मांडीवर सैल सोडून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने हसत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "आता रड हवी तेवढी, गाडी बंद आहे." मास्तरांनाही हसू आवरेना. माझ्या अंगावरचं तर मणभर ओझं उतरलं.

आता माझं रबर झिजलंय. सांधा कुरकुरतो. मास्तर आठवण झाली की तेलाचे दोन थेंब सोडतात. माझं एवढंच मागणं आहे. ब्रेक वेळेवर तपासून घ्या, आम्ही आजारी पडलो तरी ओरडत नाही. आणि पुढची गाडी विनाकारण अडखळली, तर मागून हॉर्न वाजवण्याआधी एक श्वास थांबा. आत कुणीतरी अजून बरं होत असेल.