आबांचा पखवाज माझ्या पोटात

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मी आरामात मावेन. अंग हिरवं, कडेला तारा खुपसायच्या खाचा आणि कोपऱ्यात एक मिणमिणता लाल दिवा. मला पडदा नाही, बटणं नाहीत. तरीही मी संगणकच आहे, एकाच छोट्या बोर्डावर सगळा संसार मांडलेला, आणि आता बराच जुना झालेला.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या भट्टीची ऊब तेवढी आठवते. मग शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका साडीच्या दुकानात मला नोकरी लागली. काचेमागच्या टीव्हीवर दिवसभर पैठण्या दाखवायच्या, एवढंच काम. पहिल्या दिवाळीत लोक गाड्या थांबवून बघायचे. मालक म्हणायचे, "एवढंसं यंत्र, पण काय इमानदार!" पुढे मोठा टीव्ही आला. त्याच्या पोटात सगळंच होतं. मग माझी रवानगी झाली समोरच्या संघपालदादांच्या दुरुस्तीच्या दुकानात, टेबलाच्या खणात. सोबतीला मेलेले चार्जर आणि कान तुटलेले हेडफोन. यंत्राला एकटेपणा कळत नाही असं तुम्हाला वाटतं. कळतो हो.

त्या खणातून मला बाहेर काढलं सोनियानं. ती संघपालदादांच्या हाताखाली काम करते, पण तिचं घर देवगाव रंगारीला. तिचे आजोबा बद्रीनाथ आबा म्हणजे पंचक्रोशीतले पखवाजवाले. कीर्तनकार महाराजांनी चाल धरावी आणि आबांनी अशी थाप द्यावी की मागे ओळीत उभ्या टाळकऱ्यांचे पाय आपोआप उचलले जावेत. गेल्या वर्षी सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनात ते असेच वाजवत होते. पुढे महिन्याभरात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालणं काठीच्या आधारानं जमू लागलं, पण उजवा हात काही परत आला नाही. पखवाज गवसणीत गेला आणि खुंटीला लटकला. आबांनी कीर्तनाला जाणं सोडलं. देवळातून गजर ऐकू आला की दार लोटून घ्यायचे.

सोनियानं एकदा त्यांना ते काल्याचं कीर्तन मोबाईलवर लावून दिलं होतं. आबा भडकले होते. "पत्र्याच्या डब्यावर चमचा बडवल्यागत वाजतंय! माझ्या पखवाजाचं डावं तोंड कुठं गेलं?"

त्यांचं खोटं नव्हतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणून तो खोल घुमतो. मोबाईलवर पाठवताना आवाज चेपून लहान केला होता, आणि उरलेला घुमारा त्या चिमुकल्या स्पीकरला पेलला नाही. सप्ताहातलं मूळ ध्वनिमुद्रण मात्र भारी यंत्रावर झालं होतं, आणि तेच आता सोनियानं मिळवलं होतं. त्यात एकेका सेकंदाचे जवळजवळ लाखभर बारीक तुकडे साठवलेले होते. ते सगळे न सांडता वाजवून दाखवायचे, हे काम माझ्या वाट्याला आलं.

आबांनी नातीला बजावलं होतं, "अजून एकदा ऐकीन. एकदाच. तसंच वाजलं तर परत हे नाव काढायचं नाय."

सोनियानं माझ्या डोक्यावर आवाजाचा आणखी एक छोटा बोर्ड बसवला, मोठा स्पीकर जोडला आणि कीर्तन लावलं. अहाहा! काय सांगू मित्रांनो, पैठण्या दाखवण्यात जन्म गेला आणि म्हातारपणी पोटात वीणा झंकारली! पण मधेच आवाज आला, टिक. मग पुन्हा टिक, टिक.

"अरे यार," संघपालदादा म्हणाले, "मुडदा है वो. टाक परत खणात."

"थांबा हो दादा. भुकेला असेल."

भुकेलाच होतो मी. माझा चार्जर मोबाईलचा, अशक्त. सोनियानं दणकट चार्जर दिला, नवं मेमरी कार्ड घातलं. बहुतेक टिकटिक थांबली. पण एक उरलीच. सोनियानं तोच तुकडा परत लावला. पुन्हा लावला. टिक नेमकी त्याच थापेवर येत होती.

"दादा, मशीन चुकली तर दर वेळी दुसरीकडं चुकेल ना? ही टिक ध्वनिमुद्रणातच आहे."

"मग पूस ना ती. पाच मिनिटांचं काम."

सोनियानं मान हलवली. "आबांच्या वाजवण्यातलं मी काय पुसू? आहे तसंच नेते."

संघपालदादा हसले. "ने. पण म्हातारबा ओरडले तर माझं नाव सांगू नको."

रविवारी संध्याकाळी मी देवगावच्या ओसरीवर होतो. आबा बाजेवर तोंड फिरवून बसलेले. मनकर्णाबाई आजी स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन कणीक मळत होत्या. सोनियानं मला सुरू केलं.

आधी वीणा, मग टाळ, आणि मग डाव्या तोंडाचा तो घुमारा. ओसरीचा पत्रा थरारला. आबांची मान हळूच वळली. डोळे मिटले. तेवढ्यात, टिक.

आबांनी डोळे उघडले. "झालं! खटखट करतंय तुझं हे. बंद कर."

सोनियाचा चेहरा उतरला. माझा इतकाच गुन्हा की जे होतं ते सगळं मी सांगितलं.

तेवढ्यात दारातून आजी म्हणाल्या, "त्या गरिबाला कशाला बोलता? ती तुमची अंगठी हाय."

"कोणती अंगठी?"

"येरूळच्या जत्रेतली तांब्याची. सांधे दुखतात म्हणून मीच घातली ना बोटात? काल्याच्या दिवशी मागं लागून सांगत होते, बसायच्या आधी काढा, काढा. काढली का?"

"काढली होती! अंगठी घालून पखवाजाला कोण हात लावतं? मी काय येडा हाय?"

"त्ये मी कशाला सांगू."

सोनियाला हसू आवरेना. आजी कणकेच्या हातानंच उठल्या. आबांचा उजवा हात त्यांनी मांडीवरून उचलला. तीच अंगठी अजून बोटात होती. आजींनी तो हात बाजेच्या लाकडी काठावर अलगद टेकवला.

टिक.

"परत लाव," आबा म्हणाले. सोनियानं परत लावलं. ध्वनिमुद्रणात थाप पखवाजाच्या काठावर पडली आणि अंगठीची टिक झाली. आबा ऐकत राहिले. मग खांदे हलू लागले. सोनियाला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते, पोट धरून, पोरासारखे. "लई जोरात होतो की गं मी त्या दिवशी! देहभान नव्हतं, मग अंगठीचं कुठून असणार?"

हसता हसता त्यांची नजर त्या मुक्या हातावर गेली आणि हसू थांबलं. नुसतं कीर्तन चालू होतं.

आबांनी दारातल्या परातीकडं बघत विचारलं, "कणीक किती भिजवलीय?"

"का? पोळ्यांपुरती."

"त्यातली गोळाभर दे. आणि सोने, खुंटीवरनं उतरव त्याला."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला आजींनी स्वतःच्या हातांनी कणीक थापली. आबांनी तो मांडीपाशी ओढला, खुणेनं मला पुन्हा सुरू करायला लावलं आणि चाल येताच डावा हात सोडला. उजवा हात माझ्या पोटातून वाजत होता, गेल्या वर्षीचा, अंगठीसकट. डावा आजचा होता, जरा अडखळता, कणकेनं माखलेला. मधे एक वर्ष होतं, पण ताल एकच होता.

येत्या एकादशीला आबा देवळात जाणार आहेत. मलाही न्यायचं ठरलंय. "माझा उजवा हात हाय तो," असं त्यांनी आजींना सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल. त्याच्यावरची धूळ पुसा. त्याला पोटभर वीज द्या आणि तार हिसकू नका, नीट निरोप घेऊन झोपू द्या. आणि कुणात काही खटकलं, यंत्रात असो की माणसात, तर त्याला खुंटीला टांगण्याआधी तोच तुकडा पुन्हा एकदा लावून ऐका. बरं, आता थांबतो. आबांनी कणीक मागितलीय.