जुळलेल्या भुवया

मित्रांनो, आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलेले एक पत्र मला आठवते. ते आले तेव्हा दारातल्या कडू संत्र्याला मोहोर होता. मोहोर गळून हिरवी फळे धरली, तरी त्याला उत्तर गेले नव्हते. त्या पत्राविषयी सांगायचे तर आधी मी कोण ते सांगायला हवे, आणि स्वतःविषयी बोलायचे म्हटले की मी अडखळतो. माझ्यासारख्याच्या आयुष्यात सांगण्याजोगे असे काय असणार, ही शंका मला अजूनही आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

मी एक जुना ब्रश आहे. लांबीला तुमच्या शाळेतल्या पेन्सिलीएवढा. टोकाला रानडुकराचे आखूड, ताठ केस, तिरके कापलेले. ग्रीसमधल्या वोलोस या बंदराच्या गावी बायकांच्या भुवया रंगवणे हे माझे काम. पण मी त्यासाठी जन्मलो नव्हतो. चर्चच्या भिंतींवर संतांची चित्रे काढणाऱ्यांसाठी एका म्हाताऱ्या कारागिराने मला बनवले. केस निवडून, टोके जुळवून, दोऱ्याने घट्ट बांधून त्याने ते पितळी नळीत बसवले. मग मला खिडकीच्या उजेडात धरून तो म्हणाला, "याच्यानं दाढीचा केस न् केस वेगळा काढता येईल." पुढच्या आयुष्यात माझी इतकी स्तुती फारशी झाली नाही, म्हणून ती मी जपून ठेवली आहे.

संतांच्या दाढ्या माझ्या नशिबी नव्हत्या. दुकानातून मला आरेतीने उचलले. डोंगरातले गाव सोडून ती नुकतीच वोलोसला आली होती, आणि मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिने एका खुर्चीचे पार्लर उघडले होते. मी मनातून खट्टू झालो. पण काम सुरू झाल्यावर कळले, की दाढी काय आणि भुवई काय, मेहनत तीच आहे.

भुवई म्हणजे रेघ नव्हे, मित्रांनो. आरेती मला तपकिरी भुकटीत हलकेच टेकवी, जास्तीची भुकटी आपल्या मनगटावर झटके, आणि जिथे केस विरळ असतील तिथेच केसाएवढी रेघ ओढी. केस ज्या अंगाने उगवतो त्याच अंगाने. नाकाकडची बाजू फिकी ठेवायची, शेपटाकडे थोडे गडद व्हायचे. मग कोरड्या ब्रशने सगळे वर विंचरून ती मागे सरके आणि लांबून पाही. "रंगवलंय हे कळलं, तर काम फसलं," असे ती म्हणे. तापातून उठलेल्या मुली, तव्याच्या भडक्याने भुवया जळालेल्या बायका, वयाने विरळ झालेल्या आज्या तिच्या खुर्चीत बसत. उठताना त्या आरशात स्वतःला ओळखत. ते ओळखणे पाहायला मला फार आवडे.

मध्ये काही वर्षे बारीक भुवयांची टूम आली. तेव्हा चिमट्याला मान होता आणि मी पेल्यात धूळ खात उभा होतो. त्याचे मला तितकेसे दुःख झाले नाही. सलत होते ते दुसरेच. आरेतीने मला स्वतःच्या चेहऱ्याला कधीच लावले नाही. तिच्या भुवयांच्या जागी केस नव्हते. सकाळी दार उघडण्याआधी ती एका साध्या पेन्सिलीने तिथे दोन रेघा ओढी, घाईघाईने, आरशात नीट न पाहता. आपण तिच्या लायकीचे नसू, असे समजून मी गप्प राही.

त्याचे खरे कारण मला त्या पत्रामुळे कळले.

पत्र तिच्या भाचीचे, दाफ्नीचे होते. आरेतीने ते एकदाच मोठ्याने वाचले, तेही रिकाम्या दुकानात. "मावशी, द्राक्षं काढायच्या आधी माझं लग्न आहे. आजी म्हणते, नवरीच्या भुवया जुळलेल्या चालणार नाहीत, लग्नाच्या आधी सगळ्या उपटून टाकू. तुझ्याही अशाच होत्या म्हणे. तू येऊन मला सजव ना. तू सांगितलंस तर आजी ऐकेल. फोन आजीच उचलते, म्हणून लिहिते आहे." आजी म्हणजे आरेतीची आई. वाचून झाल्यावर आरेतीने घडी घातली आणि पत्र चौकटीत खोचले. ते रोज तिच्या डोळ्यांसमोर असे, आणि रोज ती त्याच्या बाजूने पाही.

शनिवारी स्तामातियाकाकू येत. मासळीवाल्याची बायको, निळे डोळे, आणि जीभ सुरीसारखी. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पत्राकडे बोट केले.

"अगं, ते तिथं सुकवायला घातलंयस का? मासे असते तर एव्हाना वास सुटला असता."

"राहू द्या, काकू. मान सरळ ठेवा."

"मान सरळच आहे. तूच वाकडी बघतेस. पोरगी वाट बघत असेल. द्राक्षं भरायला लागली."

आरेतीचा हात थांबला. मी त्यांच्या कपाळापाशी अधांतरी.

"मी गेले, आणि त्या दिवशी तिला नुसती ठेच लागली, तरी सगळे माझ्याकडेच बघतील."

मित्रांनो, आमच्याकडच्या डोंगरी गावांत असे मानतात, की भुवया जुळलेल्या आणि निळ्या डोळ्यांच्या माणसांची दृष्ट फार कडक. म्हणून कुणाचे कौतुक केले, की लगेच 'फ्तू, फ्तू, फ्तू' असे तीनदा थुंकल्यासारखे करायचे. म्हणजे दृष्ट लागत नाही.

"लहान होते मी," आरेती म्हणाली. "चुलतबहिणीचं लग्न. ती नटून दारात आली, आणि मी ओरडले, 'अगं बाई, किती सुंदर!' थुंकायचं राहून गेलं. चर्चमध्ये ती चक्कर येऊन पडली. डोक्यावरचा लग्नाचा मुकुट घरंगळत पाद्रीबुवांच्या पायाशी गेला."

"उन्हाळा होता?"

"ऑगस्ट."

"आणि नवरी उपाशी असेल."

"सकाळपासून."

"मग! पाडलं भुकेनं, आणि शिक्षा तुझ्या भुवयांना."

"दुसऱ्या दिवशी आईनं दोरा घेतला. ती रडत होती, काकू. रडत होती आणि उपटत होती. दर रविवारी. लोकांनी पोरीला दगड मारू नयेत म्हणून, असं म्हणायची. शेवटी केस यायचेच थांबले. तरी बायका माझ्यासमोरून पोरं पाठीआड घेऊन जायच्या."

काकू तिच्याकडे वळून म्हणाल्या, "माझे डोळे बघ. आहेत ना निळे? जन्मभर नवऱ्याच्या टोपलीकडे बघतेय. मासे सडले ते त्याच्या आळसानं, माझ्या नजरेनं एकही नाही." आणि त्या खुर्चीतून उठल्या. "बस."

"कुठं?"

"इथं. गावभरच्या बायकांना भुवया देतेस आणि स्वतःला मांजराच्या दोन मिशा! पूस त्या. तुझ्या होत्या तशा काढ. मला बघायच्यात."

"आठवत नाहीत मला."

"भाचीच्या तशाच आहेत ना? मग आठवतील."

आरेती बसली. ओल्या कापसाने तिने पेन्सिलीच्या रेघा पुसल्या, आणि तिचा उघडा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. मग तिने मला उचलले. मी जुना झालो होतो. माझे काही केस झडले होते, नळी सैल झाली होती. इतक्या वर्षांनी हिच्या कपाळावर मी पसरट रेघ ओढली तर, अशी भीती मला वाटली.

शेपटाकडून सुरुवात झाली. एक केस, दुसरा केस. खाली विरळ, वर दाट. भुवया भरत आल्या, तसा चेहरा ओळखीचा होऊ लागला. तो आताच्या आरेतीचा नव्हता, चुलतबहिणीच्या लग्नातल्या त्या लहान मुलीचा होता. मग ती नाकाच्या मुळाशी आली आणि थांबली. मधली जागा मोकळी ठेवली असती तरी कुणी नाव ठेवले नसते. भुवया सुंदरच दिसत होत्या.

काकू मागे उभ्या राहून आरशात पाहत होत्या.

आरेतीने मला मनगटावर झटकले. अगदी थोडी भुकटी उरली होती. तेवढीने तिने मधल्या जागेत वर वळणारे बारीक केस काढले, विरळ, जेमतेम दिसतील असे. दोन्ही भुवया जुळल्या. मग सवयीप्रमाणे ती मागे सरकली आणि लांबून पाहू लागली.

"अशाच होत्या," ती म्हणाली.

स्तामातियाकाकूंनी तिचा चेहरा हातांत धरून उजेडाकडे वळवला, नीट पाहिला, आणि थुंकल्या. "फ्तू, फ्तू, फ्तू! दृष्ट लागेल माझी."

मित्रांनो, आरेती मग रडली. आयुष्यभर लोकांनी तिच्या नजरेपासून आपली माणसे जपली होती. तिला कुणाची दृष्ट लागू नये, असे त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी वाटले. डोळे पुसताना तिने भुवयांना मात्र बोट लागू दिले नाही.

मला उपदेश करता येत नाही. एवढीच विनंती आहे, की कामाच्या वस्तू धुऊन, केस सरळ करून, आडव्या वाळत ठेवा. पाणी नळीत उतरले की आम्ही सैल होतो. आणि चेहऱ्यावर जे जन्मतः मिळाले आहे, ते दुसऱ्याच्या भीतीपायी उपटू नका. सगळेच पुन्हा उगवते असे नाही.

आरेतीने मला साबणाने धुतले आणि मी वाळत असताना शेजारीच बसून उत्तर लिहिले. लिहून झाल्यावर काकूंना वाचून दाखवले.

"दाफ्नी, मी येते आहे. येईपर्यंत चिमटा आणि दोरा लपवून ठेव. आजीला म्हणावं, माझा ब्रश घेऊन येतेय, हवं तर तिच्याही भुवया भरून देईन. लग्नाच्या दिवशी सकाळी तू पोटभर खायचंस. आणि तू नटलीस की मी तीनदा थुंकेन, मग सगळ्यांच्या देखत मनसोक्त म्हणेन, अगं बाई, किती सुंदर दिसतेस!"

"'पोटभर खायचंस', त्याच्याखाली रेघ मार," काकू म्हणाल्या.

मग मला ओलाच एप्रनच्या खिशात टाकून आरेती त्या चेहऱ्याने भर दुपारी गल्लीत उतरली, मासळीबाजारातून सरळ चालत कोपऱ्यावरच्या टपालाच्या पिवळ्या पेटीपाशी गेली, आणि तिने पत्र आत सोडले.