सगळ्यांच्या आधी बोलू नये

मागच्या आजारपणात आईचा ताप उतरला, तो जाताना तिच्या जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. येतील हळूहळू परत, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष होत आलं, काही परतलं नाही. घास गरम आहे का गार, मऊ आहे का कडक, एवढंच कळायचं. बाकी बटाटा काय आणि मेणबत्ती काय.

हे तिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती मुलाकडे राहायला आली होती. मुलगा आणि सून दोघंही कामावर जात, स्वयंपाक आई करी. त्या घरात तिची जागा होती ती शेगडीपुढची. ती सुटली तर आपण नुसतं एक जास्तीचं कपाट होऊ, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून ती हाताच्या आणि डोळ्यांच्या सवयीवर निभावून नेई. मीठ चिमटीने मोजायचं, रंग बघून गॅस बंद करायचा, आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांच्या आधी बोलायचं नाही. मुलगा "आज खारट झालंय" म्हणाला की तोंड वाकडं करायचं, "हो रे, हात सुटला." सून "छान झालंय" म्हणाली की म्हणायचं, "मलाही आज बरं लागलं."

सांगितलं होतं ते फक्त लेकीला. फोनवर, खोलीचं दार लावून.

"वहिनीला बोलू नकोस हं."

"आई, मी कशाला सांगतेय? मला काय वेड लागलंय?"

मध्यंतरी एकदा दूध करपलं. आई शेगडीकडे पाठ करून मटार सोलत बसली होती आणि मागे पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. सून बाहेरून आली ती नाकाला रुमाल लावूनच.

"आई, जिन्यापर्यंत वास येतोय! तुम्हाला नाही आला?"

"सर्दी झालीय गं."

सुनेने खिडक्या उघडल्या आणि पातेलं भिजत घातलं. ती भांडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी लेक येणार होती. ती आली की गोडाला कॅरॅमल पाय ठरलेला. आईचा नवरा होता तेव्हा पहिला घास घेऊन दरवेळी तोच विनोद करायचा, "आयुष्यात कुणाचे पाय धरायचे झाले तर हेच!" आणि दरवेळी एकटाच हसायचा.

आईने आदल्या दिवशीच कंडेन्स्ड मिल्कचा डबा न उघडता, वरचा कागद सोलून, खोल पातेल्यात पाण्याखाली आडवा ठेवला. दुपारभर मंद आचेवर उकळला. पाण्याची पातळी डब्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, म्हणून ती स्टूल घेऊन शेजारीच बसली आणि मधूनमधून कढत पाणी ओतत राहिली. डबा रात्रभर गार होऊ दिला. सकाळी उघडला तर आत ओल्या विटेच्या रंगाचं, चमच्यावरून सावकाश सुटणारं कॅरॅमल. वास नाही आला, पण रंग बघूनच तिचा जीव भांड्यात पडला. तिने बिस्किटं लाटण्याने चुरली, वितळलेलं लोणी घालून चुरा ताटलीत थापला, त्यावर कॅरॅमल पसरलं, वर फेटलेलं क्रीम. सुरीने कडा सारख्या केल्या आणि ताटली फ्रिजमध्ये ठेवली.

जेवणं झाल्यावर सून म्हणाली, "आई, तुमच्या बाहीला क्रीम लागलंय. कपडे बदलून या ना. तोवर आम्ही वाढतो."

आई बदलून आली तेव्हा चौघांच्या बशा मांडून झाल्या होत्या. मुलगा, सून, लेक, सगळे तिची वाट बघत बसले होते. असं कधी होत नसे.

"वा!" मुलगा म्हणाला.

"आई, आजच्यासारखा कधीच झाला नव्हता," लेक म्हणाली.

"मला तर दुसरा तुकडा लागणार," सून म्हणाली.

आईने घास घेतला. जीभ जराशी चुरचुरली. सकाळी चहाने भाजली असेल, असं तिला वाटलं. सगळे बोलून झाले होते, आता आपली पाळी.

"मलाही आज मनासारखा वाटतोय. नाहीतर फार गोड होतो. आज गोडी कशी नेमकी बसलीय."

लेकीने एकदम तोंडावर हात धरला. मुलगा बशीत बघत राहिला. आईला वाटलं, कौतुक पुरेसं झालं नाही. तिने अख्खा तुकडा संपवला आणि बोटाने बशी पुसून घेतली.

मग लेकीला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "आई, अगं तुझ्या तुकड्यात क्रीमखाली दोन चमचे मीठ होतं! दोन! मी उचकटून घातलं. मला वाटलं, पहिल्याच घासाला थुंकशील."

आई लेकीकडे बघत राहिली. सुनेकडे बघायची तिला गरजच वाटली नाही.

"हसू नका हो ताई," सून म्हणाली. "आई, आमचा दोष नाही यात. उद्या गॅस सुटला आणि तुम्ही एकट्या घरात असलात तर?"

"हे मला विचारता आलं असतं," आई म्हणाली.

"तू खरं सांगितलं असतंस?" मुलाने विचारलं.

आईने रिकामी बशी बाजूला सरकवली. मुलाने घसा साफ केला. "संस्था चांगली आहे. मी बघून आलोय. जेवण वेळेवर, चोवीस तास नर्स. खिडकीची खोली मिळालीय तुला."

"मिळालीय? कधी?"

"पंधरा दिवस झाले."

आईने मुलाकडे आणि लेकीकडे आळीपाळीने पाहिलं. "मग आज मीठ कशाला?"

मग लेकीने खुर्ची जवळ ओढून आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला पटावं म्हणून गं. नाहीतर जन्मभर म्हणाली असतीस, पोरांनी उगाच हाकललं."

"तुझ्याकडे—"

"आई, आमची जागा केवढी, तुला माहितीये ना? पटलं ना आता?"

तिघंही वाट बघत होते. आपण हो म्हटल्याशिवाय यांना पुढचा घास जाणार नाही, हे आईला दिसत होतं.

"पटलं," ती म्हणाली.

मुलाने सुटकेचा श्वास सोडला आणि बशी पुढे केली. "ताई, मला कडेचा दे, चुरा जास्त असतो त्यात."

"कडेचा माझा! मी पाहुणी आहे."

"उरलेला डब्यात भरून देते, ताई. भावजींनाही आवडतो," सून म्हणाली.

जिभेला मीठ कळलं नव्हतं, पण आता घशाला कळायला लागलं. आतून कुणी वाळू घासावी तसा घसा कोरडा पडला. आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"कुठे निघालात? काय हवंय?" सून लगबगीने उठली.

"पाणी."

"तुम्ही बसा बघू. आता तिकडे जायचंच नाही. मी देते ना."

आई परत बसली. सून आत गेली. आतून फ्रिज उघडल्याचा, कपाटं उघडल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "ताई, झाकणाचा मोठा डबा देऊ का दोन छोटे?"

"मोठाच दे गं, क्रीम दबायला नको," म्हणत लेकही आत गेली. दोघींचं आत काहीतरी हसणं झालं. मुलगा चमच्याने बशीतला चुरा गोळा करत होता.

आई स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिने दोनदा आवंढा गिळून बघितला. गिळायला काही नव्हतं.