अलिदा मावशीचे आठ कप

माझ्या खिडकीबाहेर अजून तो छोटा आरसा आहे. घरात बसल्या बसल्या गल्लीतून कोण येतंय ते दिसावं म्हणून बेल्जियममधल्या आमच्या ब्रुगे गावातल्या म्हाताऱ्या असे आरसे लावायच्या. हा अलिदा मावशीचा.

मावशी आईची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती कालव्यापाशी एका बुटक्या, चुना लावलेल्या घरात राहायची. एकट्या बायकांसाठी कुणा जुन्या व्यापाऱ्याने अशी आठ घरं बांधून ठेवली होती. एक खोली, एक शेगडी. रविवारी तीन वाजता मी तिच्याकडे कॉफीला जायचं, हे लहानपणापासून ठरलेलं.

१९५८ साली ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं आणि आमच्या गावात परदेशी लोकांची रीघ लागली. मी एकोणीस वर्षांची. इंग्रजी बरं बोलायचे, म्हणून त्यांना गाव दाखवायचं काम मिळालं. रविवारची कॉफी बुडायला लागली.

"जमेल तेव्हा ये," मावशी म्हणायची. "मी कुठे पळून जातेय?"

जुलैतल्या एका रविवारी माझ्याबरोबर सात इंग्रज होते. घंटाघर, पूल, हंस, सगळं बघून झालं तरी साडेतीनच्या नावेला वेळ होता. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "इथली खरीखुरी माणसं कशी राहतात ते दाखवा ना." मी तोऱ्यात त्यांना मावशीच्या गल्लीत नेलं.

तिने आम्हाला आरशात पाहिलंच होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं.

"लीव्ह, आधी सांगायचं नाही होय गं? बसव त्यांना, पलंगावर बसव." मग शेजारच्या खिडकीकडे तोंड करून, "इर्मा, दोन कप दे तुझे. माझ्याकडे सहाच आहेत, लीव्हचे पाहुणे आलेत."

"मला नाही बोलावत वाटतं?" म्हणत इर्माबाईने कप दिले.

मावशी स्टुलावर बसली आणि गुडघ्यांत चक्की धरून कॉफी दळायला लागली. कुणी तिच्या पलंगावरचा क्रूस हातात घेऊन पाहिला, कुणी शेगडीवरच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. फोटो निघत होते. पलंगाखालचं रात्रीचं लघवीचं भांडंही दिसत होतं.

"दूध कुणाकुणाला लागतं, विचार," मावशी म्हणाली.

"काय म्हणतेय ती?" त्या बाईने विचारलं.

"तुमचं स्वागत आहे म्हणतेय."

"किती गोड. तुमच्या ओळखीची आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "इथल्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच असतात."

मावशीला इंग्रजी येत नव्हतं. ती दळता दळता माझ्याकडे बघून हसली.

पाणी उकळायच्या आत नावेची वेळ झाली. सगळे उठले. मी शेवटी निघाले.

"अगं, दळून झालंच आहे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी एकटी गेले. माफी मागायची, सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते. पण आधी तीच बोलली.

"त्यांची नाव चुकली नाही ना? माझेच हात आता चालत नाहीत बघ. इर्मा हसते मला, म्हणते पाहुणे कोरड्या तोंडाने घालवलेस. पुढच्या वेळी मी पाणी आधीच ठेवते. आणशील ना त्यांना?"

मी मनुकांचा पाव चावत राहिले. "आणीन," म्हणाले.

नाही आणलं. तिच्या आरशात दिसू नये म्हणून उरलेला उन्हाळा मी लोकांना पलीकडच्या पुलावरून फिरवून नेलं. पुढे रविवारी मोकळी असले तरी जाईना. डिसेंबरात एका रविवारी संध्याकाळी मावशी गेली.

दफनानंतरच्या कॉफीला इर्माबाई शेजारी येऊन बसली.

"माझे दोन कप तेवढे आणून दे हं. ते पाहुणे येऊन गेल्यापासून अलिदा दर रविवारी तीनच्या आत घेऊन जायची आणि अंधार पडला की धुऊन परत द्यायची. मी म्हटलं, बाई, कुणी तोंड लावलं नाही तर धुतेस कशाला? तरी धुवायचीच. या रविवारी द्यायचे राहिले."

मी मावशीच्या खोलीत गेले. टेबलावर आठ कप मांडलेले होते, चक्कीत दळलेली कॉफी होती. त्यातले इर्माबाईचे दोन कुठले, ते मला ओळखता येईना. इतकी वर्षं मी मावशीच्या त्याच सहा कपांतून कॉफी प्यायले होते. शेवटी इर्माबाईलाच बोलवावं लागलं.